कॉम्प्युटर सेट, १ नग

बाबांच्या कपाटात एक फाइल होती. वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, आईच्या शिलाई मशिनचं गॅरंटी कार्ड, सगळं वर्षावार लावलेलं. २०२१च्या मे महिन्यात बाबा गेले आणि त्या दिवाळीत मी सांगलीहून ती फाइल बेंगळुरूला घेऊन आले. तिच्यातल्या दोन कागदांची पुढं एकमेकांशी गाठ पडणार आहे हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. एक होती नातवाच्या नावानं ठेवलेल्या एक लाखाच्या मुदत ठेवीची पावती. पाकिटावर बाबांच्या वळणदार अक्षरात ‘शिक्षणासाठी’ असं लिहिलेलं. दुसरी पावती १९९९ सालची, कार्बन कॉपीची, निळी, अर्धीअधिक पुसट. तिच्यावर एवढंच: कॉम्प्युटर सेट, १ नग, रु. ३८,०००.

ठेव २०२२च्या ऑक्टोबरात पुरी झाली. मुलगा तेव्हा सोळाचा, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. त्याला काय हवंय हे त्यानं दीड वर्षापासून सांगून ठेवलं होतं. गेमिंग कॉम्प्युटर. आणि तो विकत आणायचा नव्हता, सुटे भाग आणून घरी जोडायचा होता.

नवऱ्याला पहिल्या गोष्टीचं फारसं वावगं वाटलं नाही. “खेळेल, अभ्यासही करेल, यंत्र तेच,” तो म्हणाला. त्याचा विरोध दुसऱ्या गोष्टीला होता. “दुकानात जायचं, बघायचं, पैसे द्यायचे, घरी आणायचा. ऐंशी-नव्वद हजारांची वस्तू डायनिंग टेबलावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बनवायची म्हणजे काय?” माझं उलटं होतं. बाबांच्या पैशातून खेळण्याचं यंत्र, हेच मला टोचत होतं. आणि ‘जोडलेला कॉम्प्युटर’ हे शब्द ऐकले की मला आपसूक ती निळी पावती आठवायची.

*

१९९९ साली मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, ब्रँडेड की असेंबल्ड? ब्रँडेड म्हणजे कंपनीचा. खोक्यावर नाव, बिघडला तर कंपनीचा माणूस, आणि किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. असेंबल्ड म्हणजे गावातल्याच कुणीतरी सुटे भाग आणून जोडून दिलेला. देशभरातली बहुतेक घरं दुसऱ्या वाटेनं गेली. आमचंही तेच झालं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी वीस वर्षांची होते, भाषांतरं करू लागले होते, आणि हातानं लिहिलेल्या प्रतीला संपादक कंटाळले आहेत असा माझा समज होता.

गावातल्या एका दुकानदारानं यादी वाचून दाखवली: सेलेरॉन प्रोसेसर, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, चौदा इंची मॉनिटर, ६४ एमबी रॅम. “रॅम डबल टाकतोय सर, ताईंचं काम अडायला नको.” बाबांनी पीएफमधून पैसे काढले. यंत्र आलं, हॉलमध्ये त्याच्यासाठी खास टेबल आलं, त्यावर आईनं विणलेलं झाकण आलं. मी माझं पहिलं पुस्तक त्या यंत्रावर टाइप केलं. ते फार हळू चालायचं. चार पानं झाली की अडकायचं. आम्हाला वाटायचं, कॉम्प्युटर असाच असतो.

दोन वर्षांनी एक वेगळा दुरुस्तीवाला आला. त्यानं कॅबिनेट उघडलं आणि विचारलं, “सर, रॅम किती सांगितली होती?” आत ३२ एमबीची एकच पट्टी होती. मग त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं आणि बाबांना काळ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून दाखवलं. तिथं आकडे भराभर पळत येऊन थांबले: ३२७६८ के, ओके. चौसष्ट असती तर तिथं ६५५३६ आलं असतं. म्हणजे दोन वर्षं रोज सकाळी यंत्र स्वतः खरं काय ते सांगत होतं. आम्ही ते सुरू व्हायची वाट बघत समोर बसून चहा पीत होतो.

बाबा पावती घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं ती नीट वाचली आणि परत केली. “सर, यात रॅमचा उल्लेख कुठंय?”

कुठंच नव्हता. कॉम्प्युटर सेट, १ नग. बाबा भांडणारे नव्हते. ते घरी आले, पावती फाइलला लावली, आणि त्यानंतर आमच्या घरी मिक्सरपासून टॉर्चपर्यंत जे काही आलं ते कंपनीच्या खोक्यातून आलं. “नाव असलेली वस्तू घ्यावी,” ते म्हणायचे. त्यामागं काय आहे हे मला आणि आईलाच माहीत होतं.

*

मुलाला मी आधी दीड वर्ष थांबवलं होतं, आणि ते थांबवणं सोपं गेलं, कारण २०२१मध्ये ग्राफिक्स कार्डच मिळत नव्हतं. गेमिंग कॉम्प्युटर आणि साधा कॉम्प्युटर यांत मुख्य फरक असतो तो या कार्डाचा. पडद्यावरचं हलतं चित्र क्षणाक्षणाला नव्यानं आखायचं काम ते करतं, आणि एकूण खर्चातला सगळ्यात मोठा वाटा तेच खातं. करोनाच्या काळात चिप्सचा तुटवडा झाला. त्यात इथेरियम या आभासी चलनाचं ‘खाणकाम’ करणारे लोक हीच कार्डं घेऊन जात होते. छापील किमतीच्या दीडपट, दुप्पट भाव चालू होते. त्या काळात तयार कॉम्प्युटर घेणं अनेकांना शहाणपणाचं वाटलं, कारण कार्ड मिळायची ती एक खात्रीची वाट उरली होती. बनवायचा की विकत घ्यायचा, या प्रश्नाचं उत्तर अशा वेळी बाजारच देऊन टाकतो.

२०२२च्या सप्टेंबरात इथेरियमनं आपली पद्धत बदलली. कार्डांनी करायचं खाणकाम संपलं. भाव उतरले आणि महिनोन् महिने रात्रंदिवस राबलेली जुनी कार्डं ‘क्वचित वापरलेली’ म्हणून विकायला आली. मुलगा एकदा तसल्या एका कार्डावर भाळला होता. अर्ध्या किमतीत. मी त्याला विचारलं, “आत काय झालंय हे तुला कसं कळणार?” तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “नाही कळणार.” नवंच घ्यायचं ठरलं.

मग आम्ही नवऱ्याच्या समाधानासाठी एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात गेलो. काचेच्या बाजूचं काळं कॅबिनेट, आत रंग बदलणारे दिवे. किंमत अठ्ठ्याण्णव हजार. समोरच्या पाटीवर प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव ठळक होतं. खाली बारीक अक्षरात: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॉट पॉवर सप्लाय. विक्रेता तरुण आणि अतिशय सौजन्यशील. मुलानं त्याला विचारलं, रॅम सोळाची एक पट्टी आहे की आठाच्या दोन? दोन असल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि काम जलद होतं. विक्रेत्यानं फोन लावला. एक होती. कुठल्या कंपनीची? ते लिहिलेलं नव्हतं. पॉवर सप्लाय कुणाचा? तेही नव्हतं. पुढंमागं मदरबोर्ड बदलता येईल का? त्या यंत्रात मदरबोर्ड आणि त्याला वीज देणारा सॉकेट कंपनीनं स्वतःच्या मापाचे केले होते. बाजारातला दुसरा त्यात बसणार नव्हता.

“पण सर, बदलायचा कशाला?” विक्रेत्यानं मनापासून विचारलं.

परत येताना मुलगा म्हणाला, “आई, दोन मोठी नावं लिहिलीत. बाकी सगळे भाग बिननावाचे.” मला हसू आलं. मी पंधरा-वीस वर्षं भाषांतरं करतेय. मुखपृष्ठावर लेखकाचं आणि प्रकाशनाचं नाव मोठ्या अक्षरात, आणि माझं आतल्या पानावर, किमतीच्या आणि छापखान्याच्या मध्ये कुठंतरी, असं पुस्तक माझ्या कपाटात एकाहून जास्त आहे. बाबांचं वाक्य तेवढ्यात आठवलं. नाव असलेली वस्तू घ्यावी. पण या वस्तूला एकच नाव होतं आणि त्या नावामागं सात जणांचं काम झाकलेलं होतं. बाबांच्या पावतीवरचा ‘१ नग’च तो, फक्त खोकं चांगलं.

*

पुढचे तीन आठवडे मी मुलाची परीक्षा घेतली. नियम असा की यादीतला प्रत्येक भाग का निवडला हे त्यानं मला मराठीत सांगायचं, आणि मला कळलं नाही तर तो भाग यादीतून बाद. नियम मी करून टाकला खरा, पण त्यामागं वेगळंच कारण होतं. टाळेबंदीची दोन वर्षं हा मुलगा खोलीत होता. शाळा पडद्यावर, मित्र पडद्यावर. मित्रांशी तो इंग्रजी-हिंदी-कन्नडची मिसळ बोलायचा, आणि आमच्याशी जेवताना चार शब्द. ते चार शब्द मराठी असायचे एवढंच.

आता तो रोज रात्री वही घेऊन यायचा. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर. सहा कोअर, पासष्ट वॉट, सोबत पंखा फुकट. तो एएम४ सॉकेटमध्येच बसतो. महिन्यापूर्वी एएम५ हा नवा सॉकेट आलाय, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते, ती महाग. म्हणून जुनाच बरा. मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा. पण तो कधीचा बनलाय ते बघायला हवं, कारण हा प्रोसेसर एप्रिलमध्ये आला आणि त्याआधीच्या बोर्डाला आतलं सॉफ्टवेअर नवं केल्याशिवाय तो ओळखूच येणार नाही. कार्ड आरटीएक्स ३०६०. ते एकशे सत्तर वॉट खातं, म्हणून पॉवर सप्लाय निदान साडेपाचशेचा. आणि तो चांगल्या कंपनीचाच घ्यायचा, कारण लोक नेमके तिथंच पैसे वाचवतात आणि तो गेला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. कार्डाची लांबी मोजायची, नाहीतर कॅबिनेटमध्ये बसणार नाही.

त्याच्याकडं क्रियापद एकच होतं: बसणं. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो. कार्ड कॅबिनेटमध्ये बसतं. ही रॅम या बोर्डावर बसते. हे सगळं ऐंशी हजारांत बसतं. मी भाषांतरकाराच्या खोडीनं त्याला अडवलं. प्रत्येक वेळी अर्थ वेगळा आहे, शब्द वेगळा नको का? तो म्हणाला, “का? समजतंय ना?” समजत होतं. आणि रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की मराठीत विश्वासही बसतोच.

नवऱ्यानं मात्र शेवटपर्यंत आपला मुद्दा सोडला नाही, आणि तो मुद्दा खोटा नव्हता. “मार्चमध्ये परीक्षा असेल, प्रोजेक्ट द्यायचा असेल, आणि हे सुरू होणार नाही. तेव्हा फोन कुणाला करायचा?” मुलानं वॉरंट्या वाचून दाखवल्या. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड तीन-तीन वर्षं, एसएसडी आणि पॉवर सप्लाय पाच वर्षं, रॅम दहा. मॉलमधल्या यंत्राला सगळी मिळून एक वर्ष. कागदावर मुलगा जिंकत होता. पण मी नवऱ्याच्या बाजूनं विचार करत बसले तेव्हा मला त्यातली फट दिसली. प्रत्येक भागाची वॉरंटी आहे. ते भाग एकमेकांशी जुळण्याची वॉरंटी कुणाचीच नाही. उद्या यंत्र बंद पडलं तर बोर्डवाला म्हणेल रॅम बघा, रॅमवाला म्हणेल बोर्ड बघा, आणि दोघांचंही खरं असेल. मॉलमधल्या त्या जास्तीच्या अठरा हजारांत नुसता नफा नव्हता. जुळण्याची जबाबदारी कुणीतरी अंगावर घ्यावी, तिची ती किंमत होती. ज्याला ती जबाबदारी नको असेल त्यानं ते पैसे जरूर द्यावेत, यात कमीपणा काहीच नाही.

मला त्या जबाबदारीची सवय आहे. शब्दाशब्दाचा अर्थ कोशात मिळतो, त्याची हमी कोशकार देतो. शब्द शेजारी ठेवल्यावर वाक्य उभं राहील की नाही याची हमी कुणी देत नाही. ती माझ्याकडं येते. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना यावर पुष्कळ सिद्धांत वाचले होते. सोळा वर्षांच्या मुलाच्या वहीत ‘बसतं का?’ असा रकाना आखलेला पाहिला तेव्हा वाटलं, याला हे आत्ताच हाती लागत असेल तर पाकिटावरच्या ‘शिक्षणासाठी’ या शब्दाशी मी फार मोठी बेइमानी करत नाहीये. ही मी स्वतःची समजूत घालत होते का? थोडीशी, हो.

*

बेंगळुरूत सुटे भाग घ्यायचे तर एसपी रोड. मेट्रोनं चिकपेटला उतरायचं आणि चालत जायचं. चिंचोळा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानांवर दुकानं, टेम्पोतून उतरणारी खोकी. एका काउंटरवर कन्नड, हिंदी, मारवाडी, तमिळ असा भाव ठरतो आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. जवळच अ‍ॅव्हेन्यू रोड आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी मी वीस वर्षं या भागात येतेय, पण या गल्लीत कधी वळले नव्हते. शेजारच्या सराफ पेठेत कधीकधी थेट आमच्याकडची मराठी कानावर पडते. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. दागिन्यात सोनं किती हे नुसतं बघून कळत नाही, आणि गाळायला देताना माणसावर विश्वास टाकावाच लागतो. बाबांना हा रस्ता दाखवायला हवा होता असं त्या शनिवारी दोनतीनदा वाटलं.

आम्ही पाच दुकानं फिरलो. सहाव्या दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी मुलाची यादी चष्मा वर करून वाचली आणि एका जागी पेन टेकवलं. बोर्ड कुठल्या महिन्याचा हवा हे मुलानं लिहून आणलं होतं. त्यांनी आत सांगून खोकं बदलून आणवलं. मला म्हणाले, “अभ्यास करून आलाय.” प्रोसेसर १४,५००. बोर्ड ११,०००. रॅम, आठाच्या दोन पट्ट्या, ४,८००. एक टीबी एसएसडी ६,७००. कार्ड ३४,५००. पॉवर सप्लाय ४,५००. कॅबिनेट ४,०००. बरोबर ऐंशी हजार. मॉनिटर घरी होता. ते म्हणाले, पाचशे रुपये द्या, इथंच जोडून देतो, तासाभराचं काम. मी मुलाकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, काउंटरकडं बघत होता. मी नको म्हटलं.

“एक बिल करू?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “प्रत्येक वस्तू वेगळी लिहा. कंपनीचं नाव, नंबर, सगळं.” माझा आवाज जरा चढला असावा, कारण मुलानं वळून पाहिलं.

*

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली. प्रोसेसर हातात घेतला तेव्हा मुलाचे हात थरथरत होते. त्याच्या पोटाशी तेराशेवर बारीक सोनेरी पिना असतात. एक वाकली की संपलं. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, आणि दाबायचं नाही. बरोबर जागी असेल तर तो आपल्या वजनानं खाली जातो. गेला. रॅमच्या पट्ट्या मात्र दाबायच्या, टक् असा आवाज येईपर्यंत. कुठं जोर लावायचा आणि कुठं नाही हे त्याला पाठ होतं. मी स्क्रू वाटीत ठेवत होते आणि कटर, चिमटा देत होते. नवरा पेपर वाचत असल्याचं दाखवत होता.

चारपर्यंत सगळं जागेवर बसलं. मी मॉनिटरची वायर मागं लावली. मुलानं बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा. ‘नो सिग्नल.’

त्यानं रॅम काढून पुन्हा लावली. कार्ड काढून पुन्हा लावलं. प्रोसेसरची वीज तपासली. सहा वाजले. नवरा एकदा येऊन बघून गेला. काही बोलला नाही, याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे. साडेसहाला मुलगा उठला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. ते दार मला ओळखीचं होतं. दोन वर्षं मी ते बाहेरून पाहिलं होतं.

टेबलाशी मी, ऐंशी हजारांचं न चालणारं यंत्र आणि बोर्डाचं माहितीपुस्तक. मला यंत्र कळत नाही, वाचता येतं. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, तळटीपांसकट. मागच्या बाजूच्या जोडण्यांच्या आकृतीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की इथली मॉनिटरची जोडणी ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल त्याच्याबरोबरच चालते. आमच्या प्रोसेसरमध्ये ते नव्हतं. म्हणून तर वेगळं कार्ड घेतलं होतं. मी मागं वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर बोर्डाला लावलेली होती. कार्डाला लावायला हवी होती. ती वायर मी लावली होती.

त्याचं सगळं बरोबर होतं. चूक माझी एकटीची, सगळ्यात सोपी आणि अगदी शेवटची. मी दार वाजवलं आणि सांगितलं, “अरे, वायर मी चुकीच्या जागी लावली.” आतून आधी काहीच आवाज आला नाही. मग तो बाहेर आला, मागं वाकून पाहिलं, आणि इतका हसला की खुर्चीवर बसावं लागलं. “आई, तू अख्खं मॅन्युअल वाचलंस?”

वायर बदलली. पडद्यावर अक्षरं आली. मी चष्मा लावून पुढं झाले आणि रॅमचा आकडा शोधू लागले. १६३८४ एमबी. मी तो दोनदा वाचला. मुलानं शेजारच्या आकड्यावर बोट ठेवलं. रॅम ३२००च्या वेगाची होती, पण पडद्यावर २६६६ होतं. एक सेटिंग हातानं बदलावं लागतं, तो म्हणाला. लोक बदलत नाहीत आणि वर्षानुवर्षं हळूच चालवतात. त्यानं ते बदललं.

*

२०२४मध्ये मुलगा कॉलेजला गेला, लॅपटॉप घेऊन. यंत्र माझ्या टेबलावर आलं. मी भाषांतर करते तेव्हा त्या महागड्या कार्डाचे पंखे फिरतसुद्धा नाहीत. माझ्या कामात त्याला कष्ट म्हणण्यासारखं काही दिसत नाही.

मग एका सकाळी ते सुरूच झालं नाही. नवऱ्याचा प्रश्न अखेर उभा राहिला: फोन कुणाला करायचा? मी मुलाला केला. त्यानं व्हिडिओवर बघत एकेक वायर काढायला लावली. पॉवर सप्लाय गेला होता. चार स्क्रू काढून तो भाग मी पिशवीत घातला आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. पाच वर्षांच्या वॉरंटीत होता. बदलून मिळायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत नवरा रोज एकदा म्हणाला, “ब्रँडेड असता तर माणूस घरी आला असता.” खरं आहे. एका वर्षाच्या आत बिघडला असता तर आला असता.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी बिल शोधायचं होतं. मी कॅमेऱ्यासमोर बाबांची फाइल उघडली. सात ओळींचं बिल, सात नंबर. त्याच्या मागं निळा कागद होता.

“ते निळं काय आहे?” मुलानं विचारलं.

मी त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. चौसष्ट, बत्तीस, दुकानदार, १ नग. तो बराच वेळ गप्प होता.

“पण आई, बूट होताना आकडा दिसतो की. आजोबांनी बघितलं नाही?”

“रोज बघायचे,” मी म्हटलं. “त्यातलं काय बघायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.”